सप्ताहाचे रेकॉर्डिंग : आधी चॅनल वेगळे करा, मग फाइल बदला

पिंगळी, मिरखेल, ताडकळस, पूर्णा या पट्ट्यात सप्ताहाचा काला झाला की चार-आठ दिवसांत ठरलेले प्रश्न येऊ लागतात. "साउंडवाल्याने कार्ड दिलंय, पण फाइल मोबाइलवर उघडतच नाही." "उघडते, पण नुसती पेटी ऐकू येते, महाराजांचा आवाजच नाही." "एका कीर्तनाच्या अकरा फाइली कशा झाल्या?" या सगळ्यांना उत्तर आहे. पण पुष्कळदा पुढचे वाक्य असे असते : "मग आम्ही एका ॲपवरून एमपी थ्री करून घेतली आणि कार्ड रिकामं करून परत दिलं." तिथे मात्र फारसे काही करता येत नाही, आणि त्याचे फार वाईट वाटते. सात दिवसांच्या सेवेचा आवाज एका चुकीच्या बटणाने गेलेला असतो.

म्हणून हा लेख. तुमच्या मंडळाने कीर्तन, भजन, भारूड किंवा गोंधळ डिजिटल मिक्सरवर रेकॉर्ड करून घेतला असेल, तर त्या फाइलीतले आवाज वेगळे कसे करायचे, कोणत्या स्वरूपात बदलायचे आणि काय टाळायचे, हे इथे क्रमाने सांगितले आहे. साधा लॅपटॉप आणि फुकट मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर काम होते.

पहिले काम : तुमच्या हातात नेमके काय आहे ते बघा

बहुट्रॅक रेकॉर्डिंग म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज स्वतंत्र नोंदवलेला. महाराजांचा माइक एका चॅनलवर, पेटी दुसऱ्यावर, मृदंगाची शाई तिसऱ्यावर, धुम चौथ्यावर, गायनाचार्य पाचव्या-सहाव्यावर, टाळकऱ्यांसमोरचे माइक त्यापुढे. हे चॅनल तुमच्यापर्यंत तीनपैकी एका रूपात येतात.

- एकच मोठी फाइल, आत अनेक चॅनल. बेहरिंजर एक्स ३२ किंवा मिडास एम ३२ मिक्सरमध्ये एक्स-लाइव्ह कार्ड बसवलेले असेल तर ८, १६ किंवा ३२ चॅनल एकाच वेव्ह फाइलीत जातात. मोबाइल अशी फाइल एकतर नाकारतो, नाहीतर पहिले दोनच चॅनल वाजवतो. पहिल्या दोहोंवर पेटी असेल तर तुम्हाला पेटीच ऐकू येणार.
- एका फोल्डरमध्ये प्रत्येक चॅनलची वेगळी फाइल. साउंडक्राफ्टचा यूआय २४ आर हा मिक्सर आणि झूम एच ६ सारखे रेकॉर्डर असे देतात. इथे वेगळे करण्याचे काम आधीच झालेले आहे.
- फक्त दोन चॅनलची स्टिरिओ फाइल. हा सर्वांत मोठा गैरसमज. एक्स ३२ च्या वरच्या बाजूला पेनड्राइव्ह लावून केलेले रेकॉर्डिंग स्टिरिओच असते. यामाहाच्या एमजी १० एक्सयू सारख्या छोट्या मिक्सरला यूएसबी असते, पण त्यातूनही दोनच चॅनल बाहेर येतात. सगळे आवाज आधीच मिसळून गेलेले असतात.

तिसऱ्या प्रकारची फाइल आणून लोक म्हणतात, "यातली पेटी तेवढी वेगळी करून द्या." दुधात साखर विरघळल्यावर ती चिमटीने काढण्यासारखे हे काम आहे. डिमक्स, स्प्लीटर यांसारखी संगणकाला शिकवून तयार केलेली साधने गाणे आणि वाद्ये निराळी करतात. पण ती मुख्यतः पाश्चात्त्य गाण्यांवर, 'गायन, ड्रम, बेस आणि बाकीचे' अशा विभागणीवर शिकली आहेत. महाराजांचे बोलणे बऱ्यापैकी पुढे आणायला त्यांचा उपयोग होतो. मृदंग, टाळ आणि पेटी मात्र एकमेकांत मिसळून, चिरकत बाहेर येतात. ते चॅनल वेगळे करणे नव्हे, अंदाजाने नवा आवाज घडवणे आहे.

दोन चॅनलच्या फाइलीला एक अपवाद आहे. एखाद्याने डाव्या चॅनलवर महाराज आणि उजव्यावर मृदंग असे मुद्दाम नोंदवलेले असते. तेव्हा ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या नावावर क्लिक केले की येणाऱ्या यादीतून 'स्प्लिट स्टिरिओ टु मोनो' निवडा. दोन्ही आवाज सुटे होतात.

फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायला ती ऑडॅसिटीत उघडा आणि पट्ट्या मोजा. एवढी एकच परीक्षा पुरते.

दुसरे काम : हात लावण्याआधी प्रत

कार्ड साउंडवाल्याला परत देण्याची घाई असते, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी त्याचा कार्यक्रम असतो. तरीही हे करूनच कार्ड परत द्या :

1. पूर्ण फोल्डर जसेच्या तसे लॅपटॉपवर उतरवा. नावे बदलू नका. ध्वनीच्या फाइलींसोबत एखादी छोटी नोंदफाइल दिसली तर तीही घ्या; ते रेकॉर्डिंग पुन्हा मिक्सरवर वाजवायचे झाले तर ती लागते.
2. दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या.
3. दोन्हीकडची शेवटची फाइल शेवटपर्यंत वाजते का ते पाहा. कॉपी अर्धवट तुटली असेल तर खोट शेवटच्या फाइलीत सापडते.
4. मिक्सरवर कोणत्या चॅनलला काय जोडले होते, त्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढा. डिजिटल मिक्सरवर नावे पडद्यावर असतात. साध्यावर साउंडवाला पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने लिहितो. ही पट्टी कार्यक्रम संपताच निघून जाते. आठ दिवसांनी 'सात नंबरवर कोण होतं' हे कोणालाच आठवत नाही.

चौथा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे कारण आपल्याच शेजारी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हॅं यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्यासोबत त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या. आपल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे, आणि आज तो 'पारी' या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतो. तो मिळतो, कारण आवाजासोबत गाणारीचे नाव, गाव आणि ओवीचा विषय लिहून ठेवलेला होता. नाव नसलेली फाइल कितीही स्वच्छ असली तरी वीस वर्षांनी ती कोणाची, हे कोणी सांगू शकत नाही.

जागेचा हिशेब

'लॅपटॉप भरला' ही तक्रार काम अर्ध्यावर आले की येते. म्हणून हे आकडे आधी पाहून घ्या. सगळे ४८ हजार हर्ट्झचे आहेत.

- ३२ चॅनल, ३२ बिट : तासाला साधारण २२ जीबी
- १६ चॅनल, २४ बिट : तासाला साधारण ८.३ जीबी
- एक चॅनल, २४ बिट : तासाला साधारण ५२० एमबी
- एमपी थ्री, स्टिरिओ, १२८ केबीपीएस : तासाला ५८ एमबीच्या आत

एका कीर्तनाच्या अकरा फाइली का, याचेही उत्तर इथेच आहे. साध्या वेव्ह फाइलीत आकार लिहायची जागा ३२ बिटांची असते, त्यामुळे ती ४ जीबीपुढे जात नाही. फॅट ३२ पद्धतीचे कार्डही त्याहून मोठी फाइल घेत नाही. ३२ चॅनलचे रेकॉर्डिंग साडेअकरा मिनिटांत ४ जीबी होते, म्हणून मिक्सर नवी फाइल सुरू करतो. दोन तासांच्या कीर्तनाच्या अकरा फाइली होणारच. सोळाच चॅनल असतील तर तेवीस मिनिटांची एक, म्हणजे सहा फाइली. यात काही बिघडलेले नाही. तुकडे एकापुढे एक, मध्ये जागा न सोडता आणि एकमेकांवर न चढवता लावले की जोड ऐकू येत नाही.

ही ४ जीबीची मर्यादा पुढे पुन्हा आडवी येते. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा आहे, रिकामा आहे, तरी संगणक म्हणतो 'फाइल फार मोठी आहे'. तो पेनड्राइव्ह फॅट ३२ वर फॉरमॅट केलेला असतो. त्यातला मजकूर काढून घेऊन एक्सफॅटवर फॉरमॅट करा, अडचण संपते.

चॅनल वेगळे करणे

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि बहुतेकांना तेवढे पुरते.

1. नवे, रिकामे प्रोजेक्ट उघडा. प्रोजेक्टचा रेट मूळ फाइलीइतकाच ठेवा. फाइल ४८ हजारांची असेल तर प्रोजेक्टही ४८ हजारांचा.
2. 'फाइल'मधून 'इम्पोर्ट' आणि मग 'ऑडिओ'. अनेक चॅनलची वेव्ह फाइल आत आली की प्रत्येक चॅनल स्वतंत्र पट्टी होऊन उभा राहतो.
3. फोटोतल्या पट्टीप्रमाणे प्रत्येक ट्रॅकला नाव द्या : महाराज, पेटी, मृदंग शाई, मृदंग धुम, गायनाचार्य १, टाळ डावे. नाव देताना पाच सेकंद ऐकून खात्री करा. ऐनवेळी माइक बदललेला असतो.
4. रिकामे चॅनल काढून टाका. बत्तीसांपैकी दहा-बाराच वापरात असतात. जागा निम्म्याहून कमी लागते.
5. कोणताही ट्रॅक म्यूट किंवा सोलो राहिला नाही हे पाहा.
6. 'एक्स्पोर्ट'मध्ये 'अनेक फाइली' हा पर्याय घ्या, विभागणी ट्रॅकनुसार. स्वरूप वेव्ह, २४ बिट, मोनो. 'सुरुवातीची रिकामी जागा काढा' अशा अर्थाचा पर्याय दिसला तर त्यावर खूण नको.

सहाव्या पायरीतले शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. सगळ्या सुट्या फाइली एकाच क्षणी सुरू व्हायला हव्यात आणि सारख्या लांबीच्या हव्यात. गायनाचार्य दहाव्या मिनिटाला गायला लागले म्हणून त्यांच्या फाइलीची पहिली दहा मिनिटे कापलीत, तर ती फाइल पुढे मृदंगाशी कधीच जुळणार नाही. शांतता जागा खाते हे खरे. पण ती शांतता म्हणजे ताल धरून बसलेले मोजमाप आहे.

मूळ फाइल ३२ बिट आणि बाहेर काढताना २४ बिट, यात काही गमावतो का, असे विचारतात. एक्स ३२ सारख्या मिक्सरमध्ये माइकचा आवाज अंकांत बदलणारे यंत्रच २४ बिटांचे आहे. त्यामुळे चिंता करू नका.

ऑडॅसिटी आत आणलेला आवाज स्वतःच्या पद्धतीने साठवते. दोन तासांचे ३२ चॅनल म्हणजे डिस्कवर आणखी ४४ जीबी. तेवढी जागा नसेल तर एकेक तुकडा घेऊन वेगळे करा आणि नंतर प्रत्येक वाद्याचे तुकडे जोडा.

काम वरचेवर करायचे असेल तर दुसरी साधने आहेत. साउंड डिव्हायसेस कंपनीचे वेव्ह एजंट फुकट आहे. अनेक चॅनलची वेव्ह सुट्या मोनो फाइलींत फोडणे आणि परत एकत्र करणे यासाठी ते सोपे पडते. रीपरमध्ये अनेक चॅनलचा तुकडा एकेका चॅनलच्या तुकड्यांत सोडवण्याची आज्ञा आहे, आणि पुढचे मिक्सिंगही तिथेच होते. साठ दिवस वापरून मग विकत घेता येते. आज्ञा टाइप करण्याची सवय असलेल्या मुलांना सॉक्स किंवा एफएफएमपेग द्यावे. अकरा तुकडे आणि सोळा चॅनल म्हणजे १७६ फाइली, त्या हाताने करत बसण्यापेक्षा चार ओळींची सूचना लिहिलेली बरी.

ऑनलाइन संकेतस्थळांच्या वाटेला या कामासाठी जाऊ नका. आठ-दहा जीबी आपल्याकडच्या नेटवर चढत नाहीत, आणि चढले तरी गावाचे रेकॉर्डिंग कोणाच्या संगणकावर जाऊन बसले, हे तुम्हाला कळत नाही.

सहा चॅनलची फाइल आणि हरवलेली धुम

हा फसवा प्रकार मी स्वतः भोगला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका भजनाचे सहा चॅनलचे रेकॉर्डिंग होते. घाईत सगळ्यांना पाठवण्यासाठी ते थेट स्टिरिओ एमपी थ्री केले. ऐकल्यावर मृदंग पोकळ वाटला. शाईचा टणत्कार होता, पण धुमेचा घुमारा गेलेला. माइकवर, वादकावर, मिक्सरवर सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मूळ फाइल उघडली तर धुम व्यवस्थित होती, चौथ्या चॅनलवर.

कारण असे की सहा चॅनल दिसले की पुष्कळ सॉफ्टवेअर ती फाइल सिनेमाच्या ५.१ ध्वनीची आहे असे धरते. त्या पद्धतीत क्रम ठरलेला आहे : पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, चौथा फक्त खालच्या घुमाऱ्याचा, मग मागचे दोन. स्टिरिओ करताना एफएफएमपेगसारखी साधने हा चौथा चॅनल सहसा सोडूनच देतात. डॉल्बी किंवा एएसी स्वरूपात ५.१ म्हणून बदललीत तर चौथ्या चॅनलचा वरचा सगळा आवाज कापला जाऊ शकतो. चौथ्यावर महाराजांचा माइक असता तर पूर्ण कीर्तनच गेले असते.

म्हणून अनेक चॅनलची फाइल थेट स्टिरिओत कधीही बदलू नका. आधी सुटे करा, प्रत्येकाची पातळी तुम्ही ठरवा, मग स्टिरिओ करा. सहाच चॅनल रेकॉर्ड करायचे असतील तर शक्यतो चौथा रिकामा सोडा किंवा आठ चॅनल घ्या.

एकत्र करताना पातळी खाली ठेवा. बारा चॅनल पूर्ण आवाजात मिसळले की टाळांच्या गजरात आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज एकदा फाइलीत गेला की दुरुस्त होत नाही.

कोणत्या कामाला कोणते स्वरूप

- जपण्यासाठी : वेव्ह, २४ बिट, ४८ हजार. ध्वनिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेची किमान शिफारसही हीच आहे.
- जागा वाचवून जपण्यासाठी : फ्लॅक. यात काहीही गळत नाही, पुन्हा जशीच्या तशी वेव्ह करता येते. पण फ्लॅकमध्ये एका फाइलीत जास्तीत जास्त आठ चॅनल बसतात. सोळा चॅनलची फाइल फ्लॅक होत नाही म्हणून सॉफ्टवेअर चूक दाखवते. ते बिघडलेले नसते. सुटी मोनो फाइल करून मग फ्लॅक करा.
- व्हिडिओसाठी : वेव्ह, ४८ हजार.
- सीडीसाठी : वेव्ह, १६ बिट, ४४.१ हजार.
- मोबाइलवर वाटण्यासाठी : एमपी थ्री. यात दोनपेक्षा जास्त चॅनल नसतात. कीर्तनाला स्टिरिओ १२८ केबीपीएस पुरते, नुसत्या प्रवचनाला मोनो ६४ ही चालते. तासाला २९ एमबीच्या आत काम होते. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

एमपी थ्रीची परत वेव्ह केली तर आकार दहापट होतो, दर्जा तेवढाच राहतो. जे गळाले ते गळाले. शिवाय एमपी थ्री करताना सुरुवातीला बारीकशी रिकामी जागा आपोआप घातली जाते. त्यामुळे तुकड्यांच्या एमपी थ्री करून त्या जोडल्यात तर प्रत्येक सांध्यावर ताल अडखळतो. जोडणे आधी, एमपी थ्री सर्वांत शेवटी.

पट्टी उतरली तर

काळी दोनमध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी एकच्या मध्ये कुठेतरी, पेटीवर न सापडणाऱ्या सुरात येतो. आवाज भारी आणि संथ वाटतो. एक तासाचे कीर्तन पासष्ट मिनिटांचे झालेले असते. ४८ हजारांची फाइल कुठेतरी ४४.१ हजार म्हणून वाजते आहे, एवढाच त्याचा अर्थ. सूर वर करणारे इफेक्ट वापरू नका, त्याने आवाज आणखी बिघडतो. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या यादीतून त्याचा रेट ४८ हजार करा. सूर आणि वेळ दोन्ही जागेवर येतात.

लाइट गेली आणि फाइल शून्य झाली

आपल्याकडे हे होतेच. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली की फाइल नीट बंद होत नाही. आवाज कार्डावर गेलेला असतो, पण फाइलीच्या सुरुवातीला 'किती लांबी' ही नोंद लिहायची राहते. वाजवायला गेले की शून्य मिनिटे दिसतात.

अशा वेळी त्या कार्डावर काहीही नवे रेकॉर्ड करू नका. फाइलीचा आकार पाहा. तो काही जीबी असेल तर आवाज आत आहे. ऑडॅसिटीत 'इम्पोर्ट'खाली 'रॉ डेटा' हा पर्याय आहे. तिथे चार गोष्टी द्याव्या लागतात : बिट, बाइटचा क्रम 'लिटल एंडियन', चॅनलची संख्या आणि रेट. त्या तुम्हाला माहीत नसतील तर त्याच दिवशीची दुसरी, चांगली फाइल उघडून बघा. तिचेच आकडे इथे लागू पडतात. नुसता खरखराट आला तर बिटाचा आकडा चुकला आहे. आवाज एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत उड्या मारत असेल तर चॅनलची संख्या. सुरुवातीला क्षणभर 'टक्' येते, ती कापून टाका. फाइलीचा आकारच शून्य दिसत असेल, तर मात्र हरवलेल्या फाइली शोधणाऱ्या जाणत्या माणसाकडे कार्ड न्या.

पुढच्या वेळी मिक्सर आणि रेकॉर्डर यूपीएसवर लावा. ॲम्प्लिफायर जनरेटरवर असला तरी चालेल.

मोबाइलच्या व्हिडिओला हा आवाज लावताना

दोन यंत्रांची घड्याळे एकसारखी चालत नाहीत. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळवले तरी तासाभरात काही शतांश सेकंदांचा फरक पडतो, आणि दोन तासांनी तो डोळ्यांना जाणवतो. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर टाळांचा एकच ठोका द्या, आणि संपताना पुन्हा एक. दोन्ही टोकांचे ठोके जुळवले की मधले सगळे बसते.

हक्क : रेकॉर्डिंग कोणाचे?

फाइल तुमच्या हातात आहे म्हणजे ती वाटेल तिथे टाकण्याचा अधिकार तुमचा झाला, असे नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ मधल्या या गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत.

- सादरकर्त्याचा हक्क. कायद्याच्या व्याख्येत गायक, वादक यांच्यासोबत व्याख्यान देणारी व्यक्तीही 'सादरकर्ता' आहे. म्हणजे कीर्तनकार, गायनाचार्य आणि मृदंगाचार्य सगळेच आले. कार्यक्रम झाल्यानंतरच्या वर्षापासून पन्नास वर्षे त्यांचा हक्क राहतो. संमतीवाचून ध्वनिमुद्रण करून ते प्रसारित करता येत नाही. स्वतःच्या खासगी ऐकण्यासाठी, किंवा केवळ शिकवण्या-अभ्यासासाठी केलेले ध्वनिमुद्रण याला अपवाद आहे.
- नाव देणे आणि विटंबना न करणे. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपले नाव लावले जावे आणि आपले सादरीकरण विकृत करून लौकिकाला बाधा येऊ नये, असा हक्क मिळाला. लांबी कमी करण्यासाठी केलेली साधी काटछाट त्यात मोडत नाही. पण मृदंगाचा सुटा ट्रॅक काढून तो दुसऱ्याच गाण्याला लावणे ही साधी काटछाट नव्हे. चॅनल सुटे झाले की हा मोह होतो, तेव्हा आधी वादकाला विचारा.
- ध्वनिमुद्रणाचा मालक. कायदा ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून निर्माता धरतो, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. मंडळाने ठरवून, पैसे देऊन करून घेतले असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. साउंडवाल्याने स्वतःच्या मनाने केले असेल तर त्याची. वाद नको असेल तर आधी लिहून घ्या.
- अभंग जुना, चाल नवी. ज्ञानोबा-तुकोबांच्या शब्दांवर आज कोणाचा प्रताधिकार नाही. चालीवर असू शकतो. कवी किंवा संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षे तो टिकतो. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांनी बांधलेल्या चालींवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक सोहळ्यात अशी चाल गायली तर कायदा सूट देतो. ती सूट सोहळ्यातल्या गाण्याला आहे, नंतर यूट्यूबवर टाकलेल्या फाइलीला ती आपोआप मिळत नाही.

साउंडवाल्याशी आणि महाराजांशी आधीच काय ठरवावे

सुपारी देतानाच या गोष्टी बोलून घ्या, काल्याच्या दिवशी नव्हे :

- रेकॉर्डिंग स्टिरिओ की बहुट्रॅक, आणि किती चॅनल
- रेट ४८ हजार, बिट २४ किंवा मिक्सर देईल तसे
- मूळ फाइली मंडळाला किती दिवसांत मिळणार, आणि प्रत तपासेपर्यंत कार्ड पुसायचे नाही
- चॅनलच्या नावांची यादी फाइलींसोबत
- साउंडवाल्याने स्वतः ते कुठे टाकायचे की नाही

आणि संमतीसाठी मोठा करारनामा लागत नाही. वहीच्या पानावर एवढे लिहून महाराज, गायनाचार्य आणि मृदंगाचार्य यांची प्रत्येकाची सही घ्या :

"मौजे पिंगळी येथील अखंड हरिनाम सप्ताहात दिनांक ______ रोजी झालेल्या कीर्तनसेवेचे ध्वनिमुद्रण मंडळाने करण्यास माझी संमती आहे. मंडळाने ते जतन करावे, गावकऱ्यांना विनामूल्य द्यावे आणि माझ्या नावासह ______ येथे प्रसारित करावे. माझ्या आवाजाचा किंवा वादनाचा सुटा ट्रॅक दुसऱ्या कार्यक्रमात वापरायचा झाल्यास मला आधी विचारावे. मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत मला मिळावी."

शेवटची ओळ गाळू नका. पुष्कळ वादकांकडे स्वतःच्या वादनाची एकही चांगली फाइल नसते. सुटी केलेली मृदंगाची वेव्ह पेनड्राइव्हमध्ये घालून, सोबत चॅनलची यादी ठेवून, ती त्यांच्या घरी पोचती करा.